जावयासाठी तेहतीस कामांचं हत्यार

नांदेड-लातूरला जाऊन आलो म्हटलं की आमच्या कऱ्हाडचे लोक विचारतात, "काय काय पाहिलं?" गोदावरी पाहिली, गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवलो, लातूरची गंजगोलाई पायाखाली घातली, हे सगळं मी सांगतो. पण मी मुख्यतः पाहिली ती हार्डवेअरची दुकानं. इतकी पाहिली की अजून कुठे पक्कड दिसली तर मी मान दुसरीकडे वळवतो.

त्याचं असं झालं. माझी मुलगी प्राची नांदेडला दिली आहे. जावई बालाजीराव तिथल्या कॉलेजात शिकवतात, मूळचे लातूरचे. माणूस सोन्यासारखा, पण लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी त्यांनी मला एकदाही कशानेही हाक मारली नव्हती. त्यांच्या आईचं म्हणणं, सासऱ्याला मामा म्हणायचं. प्राचीचं म्हणणं, बाबा म्हणायचं. या दोघींच्या ओढाताणीत बालाजीरावांनी काहीच न म्हणण्याचा मार्ग धरला. ते बोलायला "ते..." अशी सुरुवात करतात. "ते... चहा घेता का?" "ते... गाडी वेळेवर होती का?" माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकं मला काका, भाऊ, शेठ, अगदी डॉक्टरसुद्धा म्हणतात. आणि घरचा जावई मला 'ते' म्हणतो, हे मला लागत होतं. लोकांना हसू येईल, पण लागत होतं.

यंदा अधिक महिना आला. जावयाला घरी बोलावून धोंड्याचं जेवण घालायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, हे ओघानं आलंच. पण परीक्षेच्या कामामुळे त्यांना रजा मिळेना. प्राचीनं फोनवर सांगितलं, "बाबा, ह्यांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलंय. मल्टिटूल हवंय. रोज खिशात बाळगायला."

मी हरखलो. आमच्या सौभाग्यवती, शैला, हरखल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "अधिकात द्यायचं ते तेहतीस असलं पाहिजे."

"तेहतीस मल्टिटूल देऊ?"

"एकच दे. पण त्यात तेहतीस कामं हवीत. आणि अनारशाला जाळी असते, तेव्हा त्याला भोक हवं. आणि धार नको. धारेची वस्तू दिली की नातं तुटतं."

थोडक्यात, ज्याने काहीही कापता येत नाही असं तेहतीस कामांचं, भोक असलेलं हत्यार मला आणायचं होतं. शैलाचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते. जावयाच्या पसंतीनेच घ्यायचं असं ठरलं, म्हणून मी दुकान आणि किल्ल्यांचा जुडगा भावाच्या हवाली केला आणि एकटाच निघालो.

नांदेड

सकाळी गाडीतून उतरलो तेव्हाच ऊन असं होतं की मी मागे वळून डब्याकडे एकदा प्रेमाने पाहिलं. कऱ्हाडला ऊन असतं, पण संध्याकाळी संगमावरचं वारं येऊन ते माफी मागून जातं. नांदेडचं ऊन माफी मागत नाही. बालाजीराव न्यायला आले होते. फलाटावर मी चुकीच्या दिशेला चालू लागलो, तर दहा पावलांवरून त्यांनी हाक मारायची की नाही? त्यांनी मला फोन केला. "ते... मागं बघा," एवढं बोलून ठेवून दिला.

घरी प्राचीनं नाश्त्याला सुशीला केला होता. मुरमुरे भिजवून पोह्यासारखे परतायचे आणि त्याला बाईचं नाव द्यायचं, ही इकडची रीत. चव उत्तम. मी दोनदा मागून घेतला. दोन्ही वेळा "सुशीला वाढ" म्हणताना शेजारच्या बाईंना हाक मारल्यासारखं वाटलं.

मग सासरा-जावई वजिराबादच्या बाजारात निघालो. पहिल्या दुकानदारानं माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याला दया आली.

"सगळं एकातच कामून पायजे तुमाला? एक मोडलं की सगळंच गेलं. ही घ्या पक्कड, हा पान्हा, हा पेचकस, ही कानस. पिशवी देतो सोबत."

"पण जावयाला खिशात ठेवायचं आहे."

त्यानं बालाजीरावांच्या पँटीकडे पाहिलं. "खिसा मोठा शिवून घ्या की. समोरच टेलर हाय."

पुढच्या दुकानात एकानं नखं कापायचं यंत्र पुढे केलं, त्याला बाटलीचं बूच काढायची सोय होती. तिसरीकडे लायटरला टॉर्च जोडलेला होता, पण टॉर्च लावला की लायटर गरम होत होता. बालाजीराव प्रत्येक वस्तू हातात घेत, उघडत, मिटत आणि हळूच परत ठेवत. "ते... हे नको," एवढंच बोलत. काय हवं ते मात्र सांगत नव्हते. मीही विचारत नव्हतो. आमचं एकमेकांशी बोलणं म्हणजे दोन नव्या भाडेकरूंचं जिन्यातलं बोलणं होतं.

गुरुद्वाऱ्याजवळ एका सरदारजींचं स्टीलच्या सामानाचं दुकान होतं. कडी, ताटं, वाट्या, कात्र्या. मी हिंदीची जुळवाजुळव करत होतो, तर ते आमच्यापेक्षा चोख नांदेडी बोलू लागले.

"काका, जावई काय करतात?"

"कॉलेजात शिकवतात. वनस्पतिशास्त्र."

"मग रोज काय खोलून राहिले ते? झाड?"

बालाजीराव कानापर्यंत लाल झाले. सरदारजींनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी आम्हाला आत बसवून थंड पाणी दिलं आणि सांगितलं, "आधी लंगरला जेवा. भुकेल्या पोटी हत्यार घेऊ नये." सल्ला पटला. पंगतीत डाळ-रोटी जेवलो. रोटी दोन्ही हात पसरून घ्यायची असते. मी सवयीनं ताट पुढे केलं. वाढणाऱ्यानं हसून थांबून मला हात पसरायला शिकवलं आणि मग वाढलं. आमच्याकडे पंगतीत आग्रह करकरून वाढतात आणि पाहुणा नको नको म्हणतो. इथे आग्रह नाही, आढेवेढेही नाहीत. मला ते फार आवडलं.

बाहेर आल्यावर मात्र हात रिकामेच. संध्याकाळी लातूरहून विहीणबाईंचा फोन आला. सुमित्राबाई त्यांचं नाव, पण सगळे त्यांना माय म्हणतात. व्याही जाऊन बरीच वर्षं झाली, घर त्याच चालवतात. "इवाई," त्या गरजल्या, "वाण काय असंल ते हितं आमच्या देवासमोर द्यायचं. रईवारी या. धोंडे करून ठेवते. आन् ते औजार-फिवजार गोलाईत घावंल."

नांदेड ते लातूर

एस.टी.त प्राचीला पुढे जागा मिळाली. आम्ही दोघे मागे, दर खड्ड्याला एकमेकांवर आदळत. लोह्यापर्यंत आम्ही बोललो नाही. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली, मी चहा आणला, आणि बालाजीराव खिडकीबाहेर पाहत अचानक बोलू लागले. माणसाकडे न पाहता त्यांना बरं बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं.

"ते... लग्नात, मंगलाष्टकं चालू होती, अन् भटजीच्या चष्म्याची काडी निखळली. त्यांना पुढचं दिसेना. सगळे नुसते बघून राहिलते. मी अंतरपाटामागं, मला वाटलं आता मुहूर्त गेला. तर तुमी खिशातून किल्ल्या काढल्या, त्याला तो बारका पेचकस होता, अन् उभ्या उभ्या काडी बसवली. परत अक्षता घेऊन जागेवर. कुणाला काही बोललासुदिक नाही."

मला तो प्रसंग आठवतही नव्हता. माझ्या धंद्यात निखळलेली काडी म्हणजे शिंकेसारखी गोष्ट.

"तवापासून वाटून राहिलं," ते म्हणाले, "आपल्या बी खिशात कायतरी पायजे."

चहा गार झाला. गाडी हलली, चाकूर आलं नि गेलं. मी मनाशी पक्कं केलं की आता तेहतीस काय, त्रेसष्ट कामांचं लागलं तरी ह्या माणसाला ते मिळवून द्यायचं.

लातूर

गंजगोलाई गोल आहे. मधोमध देवीचं देऊळ, भोवती दुकानांचा वेढा आणि त्यातून चहूकडे फुटलेले रस्ते. एकेका रस्त्यावर एकेका मालाचा बाजार. बाहेरच्या माणसाची पंचाईत अशी, की आपण कुठल्या रस्त्यानं आत आलो ते दुसऱ्याच फेरीला विसरायला होतं. मी त्याच भांड्यांच्या दुकानासमोरून इतक्यांदा गेलो की शेवटी मालकानं मला खुर्ची दिली. तिथे बसलो असताना फोन वाजला. बालाजीराव रस्त्याच्या पलीकडून हात हलवत होते. त्यांना दुकान सापडलं होतं.

दुकानदार काउंटरवर पालथी मांडी घालून बसलेला, गळ्यात टॉवेल, तोंडात पान. त्यानं एक चकचकीत घडीचं मल्टिटूल काढलं आणि खटखट करत सगळी पाती पंख्यासारखी उघडली. बालाजीरावांनी ते हातात घेतलं आणि हसले. मी त्यांना पहिल्यांदाच दात दिसेपर्यंत हसताना पाहत होतो. खरं तर चष्म्याच्या धंद्यातल्या माणसानं एकेक पातं डोळ्याजवळ धरून तपासायला हवं होतं. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिलो.

डब्यावर मात्र एकवीस कामं लिहिली होती.

"तेहतीस पाहिजेत," मी म्हणालो. कारण सांगितलं.

कऱ्हाडचा दुकानदार मला वेड्यात काढून मोकळा झाला असता. हा गंभीर झाला. "अधिकाचं वाण हाय म्हणता? मग तेहतीस पायजेतच," म्हणाला आणि टॉवेल बाजूला ठेवून मोजायला बसला. पक्कड, तार तोडायचं, कानस, करवत, चष्म्याचा पेचकस असं एकवीसपर्यंत सरळ गेलं. मग त्यानं पट्टी उचलली. "सेंटीमीटरची एक, इंचाची दुसरी. बाविसावं झालं." शेजारचा कुलूपवाला उठून आला. "मिटवून ठेवलं की कागद उडत न्हाई." तेविसावं. "पाठ खाजवता येतीया." "खिळा ठोकता येतोय." "तोंड बगता येतंय, चकाकी बगा की." एक मास्तर होते, त्यांनी खाजवणं आणि दात कोरणं ही दोन वेगळी कामं आहेत हे सिद्ध करून दिलं. अर्धी गोलाई जमा झाली. एका पोलिसानं पुढे येऊन गर्दी का झाली म्हणून विचारलं, कारण कळल्यावर म्हणाला, "सुपारी फोडता येती का?" फोडून पाहिली, फुटली. ते बत्तिसावं.

तेहतिसाव्यावर आमचं घोडं अडलं. सगळे डोकी खाजवू लागले, एकदा तर त्याच मल्टिटूलनं. शेवटी कोथिंबिरीची जुडी घेऊन उभी असलेली एक म्हातारी वैतागून म्हणाली, "आरं, जावयाला देता येतंय की न्हाई? मग झालं की!"

टाळ्या पडल्या. मी लगेच शैलाला व्हिडिओ कॉल लावला.

"भोक?" तिनं विचारलं.

दुकानदारानं किल्ली अडकवायचं भोक डोळ्याला लावलं आणि फोनकडे पाहिलं. "हे बगा वैनी, आरपार. तुमी दिसून राहिल्या."

"आणि धार?"

चाकू होता, करवत होती. दुकानदारानं पाती घाईनं मिटली, पण शैलानं पाहायचं ते पाहिलं होतं. "विहीणबाईंना विचार. त्या म्हणतील ते," असं म्हणून तिनं फोन ठेवला. आपल्या अंगावरचं दुसऱ्यावर ढकलण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही.

मायचं घर जुन्या लातुरात, गोलाईपासून जवळच; प्राची थेट तिथेच गेली होती. दारातच त्या म्हणाल्या, "या इवाई. जावयाच्या घरी धोंडा खायला आलेला सासरा म्या पैल्यांदाच बगून राहिले." पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, सोबत येसराची झणझणीत आमटी. आमच्याकडे पाहुण्याला तिखट विचारून देतात, इथे दिल्यावर विचारतात. जेवणानंतर देवासमोर पाट मांडला. देवघरात माहूरच्या रेणुकेचा टाक, त्याच्यापुढे हळदी-कुंकू. मी वाण दिलं. मायनी डबा उघडला, एक पातं बाहेर ओढलं आणि अंगठा लावून पाहिला.

"धारेचं हाय."

"हो. पण त्यात आणखी बत्तीस..."

"असू द्या. अधिकातली धारेची वस्तू महिना सरंस्तोवर देवापाशी. मग कसलं बी नातं तुटत न्हाई." असं म्हणून त्यांनी त्याला हळदी-कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि टाकाशेजारी ठेवून दिलं. रोज खिशात बाळगायचं मल्टिटूल रोजच्या पूजेला लागलं. बालाजीरावांचं तोंड पाहवत नव्हतं. ते पाटावरून उठून ओसरीवर जाऊन बसले.

दुपार झाली. माय आतल्या खोलीत आडव्या झाल्या, प्राचीही पंख्याखाली झोपली. त्या वेळी लातुरात झाडाचं पानसुद्धा जागं नसतं. मी घाम पुसायला चष्मा काढला आणि टक्, काडी निखळली. स्क्रू जमिनीवर पडला. चाचपून तो मिळवला आणि सवयीनं खिशात हात घातला. किल्ल्या कऱ्हाडला. आयुष्य चष्म्यात घालवलेला माणूस एक काच डोळ्याला धरून ओसरीवर बसला होता. मला स्वतःचीच लाज वाटली.

बालाजीरावांनी माझ्याकडे पाहिलं. मग देवघराकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"ते..." ते कुजबुजले, "त्याच्यात चष्म्याचा पेचकस हाय."

"महिना सरला नाही अजून."

"वापरून परत ठेवू. देवीला काय, तिला समजतंय."

आम्ही दोघे चवड्यांवर देवघरात शिरलो. मला सगळं धुकट दिसत होतं. मी हात जोडले, बालाजीरावांनी हळूच मल्टिटूल उचललं, फूल जागेवर ठेवलं. सगळं निर्विघ्न पार पडलं होतं. मी मागे सरलो आणि देवघराच्या चौकटीला टांगलेली घंटा माझ्या टाळक्यावर आपटली. ती दणदणीत वाजली. मी घाबरून ती हातानं धरायला गेलो, तर आणखी वाजली.

आतून बांगड्या किणकिणल्या.

"मामा, पळा! माय आली!"

मी पळालो. का पळालो, साठीजवळ आलेल्या माणसानं विहिणीच्या घरातून अनवाणी का पळावं, याला उत्तर नाही. बालाजीरावांनी माझं मनगट धरलं होतं आणि ते मला तापलेल्या रस्त्यावरून ओढत होते. तळपाय पोळत होते, समोरचं दिसत नव्हतं, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हा मला मामा म्हणाला.

कोपऱ्यावरच्या बंद पिठाच्या गिरणीच्या सावलीत आम्ही थांबलो. धापा टाकत त्यांनी चष्म्याच्या पेचकसाचं पातं उघडलं आणि मी ते डोळ्याजवळ नेलं. पेचकस कसला, छोटी पहारच होती ती. चष्म्याचा म्हणून ज्यांनी लिहिलं त्यांच्या मनात बहुतेक हत्तीचा चष्मा असावा. आणि बसवायचं तरी काय? मूठ उघडली, तर स्क्रूही पळताना कुठे पडून गेला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि हसू लागलो. मग थांबता येईना. बालाजीराव गिरणीच्या पायरीवर बसून पोट धरून हसत होते, आणि तेवढ्यात सावलीत आणखी एक सावली आली.

मायच्या हातात माझ्या चपला होत्या.

"देवापासचं कुनी काढलं?"

बालाजीराव उठून उभे राहिले. क्षणभरही न थांबता त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"म्या न्हाई. मामानं."

इतका आनंद मला कुणी खरं कौतुक केल्यावरही झाला नव्हता. "हो," मी म्हणालो, "मीच काढलं."

मायनी चपला माझ्यापुढे टाकल्या, हातातला मोडका चष्मा काढून घेतला, उलटसुलट पाहिला. मग बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, काडीच्या भोकातून आरपार ओवली आणि टच्चकन लावून टाकली. "घाला," म्हणाल्या. मी घातला. लातूर स्वच्छ दिसू लागलं. त्यांनी मल्टिटूल घेतलं, पदरानं पुसलं आणि आमच्या पुढे घराकडे चालू लागल्या. आम्ही दोघे खाली मान घालून त्यांच्या मागे.

परत आल्यावर चष्म्याला स्क्रू बसवायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. अजून बसवलेला नाही. गिऱ्हाइकं पिनेकडे बघतात आणि मग दुकानाच्या पाटीकडे बघतात. धंद्याला ते चांगलं नाही, असं भाऊ रोज सांगतो.

अधिक महिना संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानात फोन वाजला.

"मामा, महिना सरला. पन माय ते देईना. सुपारी लई बेस फुटती म्हनून राहिली. आता कमरेच्या पिशवीतच घेऊन हिंडती."

"मग काय करायचं?"

पलीकडचा आवाज एकदम खाली आला.

"मामा, दुपारी ती अजून झोपती. तुमी कधी येताव?"